ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, ढोबळी यांत फरक काय? कांदा-लसूण मसाल्याला नेमकी कोणती घ्यावी?

एका मिरचीवर कांदा-लसूण मसाला होत नाही. रंग ब्याडगीचा, तिखट संकेश्वरीचं. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, 2011 साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे सगळे बेडगीच म्हणतात. खरं तर उत्तर इथंच संपलं, पण हा विषय निघाला की मला राहवत नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं, डोळ्यांत पाणी आलं नाही तर तो कोल्हापुरी मसालाच नव्हे. बेडगी म्हणे नुसती शोभेची. एका उन्हाळ्यात त्यांनी परस्पर मिरची आणली, सगळी लवंगी. देठं खुडायला अर्थातच मी. बोटं अशी पेटली की हात धुऊन धुऊन थकले. शेवटी खोबरेल चोळलं तेव्हा आग उतरली. मसाला कांडायच्या डंकावर मागच्या नंबरच्या बायका पदर नाकाला लावून रस्त्यावर जाऊन उभ्या. आणि एवढं करून रस्सा कसा, तर विटकरी! चमचाभर घालायचा तिथं मसाला चिमूटभर घालावा लागे, मग तर्री येणार कुठून? भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण सगळं वाया. वर्षभर तो डबा संपवला, आणि जाऊबाई अजून म्हणतात, "झणझणीत झाला होता."

तर बेडगी घेताना सुरकुतलेली, गडद लाल बघा. मोडल्यावर कट्कन तुटली पाहिजे; लवली तर अजून ऊन द्या. मी दोन वाटे बेडगी, एक वाटा संकेश्वरी घेते. लवंगी फोडणीला ठेवा. आणि बिया झटकल्या की तिखट जातं, हेही जाऊबाईंचंच शास्त्र. तिखट असतं ते बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या शिरेत.

ढोबळी म्हणा, भोपळी म्हणा की सिमला, मिरची तीच. तिच्यात तिखटपणाचा अंशच तयार होत नाही. पीठ पेरून भाजी करा, मसाल्यात तिचं काय काम?

हे सगळं कोल्हापूर बाजूचं हं. भिवापुरीवर वाढलेल्या नागपूरकरांनी माझं प्रमाण उचलू नये. घरात तिखट खाणारे जास्त असतील तर निम्मं-निम्मं करा. पण कुणी सगळी लवंगीच आणा म्हणालं, तर देठं खुडायला आधी त्यांनाच बसवा.