ब्रिटनमध्ये हिशेबाच्या क्षेत्रातली पहिली नोकरी : मोठी फर्म की छोटी?

बी.कॉम.नंतर आपण एसीसीएच्या (ब्रिटनमधील हिशेबनिसांची एक व्यावसायिक पात्रता) काही परीक्षा दिल्या आहेत, येत्या सप्टेंबरात एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ब्रिटनला येत आहात, आणि त्यानंतर पहिली नोकरी ‘बिग फोर’मध्येच (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार सर्वांत मोठ्या फर्म) मिळवण्यासाठी थांबावे की वीस-पंचवीस माणसांच्या छोट्या फर्ममध्ये रुजू व्हावे, असे आपण विचारले आहे. मी इथे दोन्ही प्रकारच्या कार्यालयांत काम केले आहे आणि आता नवे प्रशिक्षणार्थी निवडण्याच्या कामातही माझा सहभाग असतो, म्हणून सविस्तर लिहिते. माझे मत असे की, फर्म किती मोठी आहे यापेक्षा दुसऱ्या वर्षी आपल्या हाती कोणते काम असेल हे पाहून निर्णय घ्यावा. मात्र परदेशातून येणाऱ्याला त्याआधी व्हिसाचा विचार करावा लागतो.

अभ्यासक्रम पुरा झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर कोणत्याही फर्ममध्ये काम करता येते, परंतु १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी.धारक वगळता, त्याची मुदत दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहे. एसीसीएसाठी ३६ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो आणि एसीएचा (ब्रिटनमधील चार्टर्ड अकाउंटंटची पात्रता) प्रशिक्षण करार तीन ते पाच वर्षांचा असतो. म्हणजे पात्रता हातात येण्यापूर्वीच आपल्याला स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे नोकरी देणाऱ्या फर्मच्या प्रायोजकत्वावर मिळणारा व्हिसा, घ्यावा लागेल, आणि तो मिळण्यासाठी फर्मकडे प्रायोजकाचा परवाना (परदेशी कर्मचारी नेमण्याची सरकारी परवानगी) हवा. परवानाधारकांची यादी गृहखाते जाहीर करते. कोणत्याही फर्मकडे अर्ज करण्यापूर्वी ती पाहावी. पगाराची अटही कडक आहे. २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आणि नवोदितांसाठी, म्हणजे नुकतेच शिक्षण संपवून किंवा प्रशिक्षण घेत कामाला लागणाऱ्यांसाठी, ३३,४०० पौंड आहे. शिवाय त्या व्यवसायासाठी ठरवलेला दर याहून जास्त असेल तर तो पाळावा लागतो. नवोदितांची सवलत एकूण चार वर्षेच मिळते आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळही त्यातच मोजला जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

छोट्या फर्मची खरी अडचण इथे आहे. लंडनबाहेरच्या छोट्या फर्ममध्ये प्रशिक्षणार्थ्याचा पगार बहुधा ३३,४०० पौंडांपर्यंत पोहोचत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी परवानाही नसतो. ‘पुढे बघू’ असे तोंडी आश्वासन देणारे भागीदार मनाने चांगले असतात, पण परवान्याची कागदपत्रे, शुल्क आणि नंतरच्या नोंदींची जबाबदारी समोर आली की त्यांचा उत्साह ओसरतो. मोठ्या फर्मकडे परवाना असतो, तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. एप्रिल २०२४ मध्ये पगाराची मर्यादा एकदम वाढली, तेव्हा मोठ्या नावाच्या काही फर्मनीही परदेशी विद्यार्थ्यांना देऊ केलेल्या नोकऱ्या मागे घेतल्या होत्या. प्रायोजित नोकरी सुटली तर दुसरा प्रायोजक शोधायला साधारणपणे ६० दिवसच मिळतात, त्यामुळे फर्मची आर्थिक स्थिती कशी आहे हा प्रश्न इथल्या मुलांपेक्षा आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

आता कामाकडे वळते. मोठ्या फर्मच्या लेखापरीक्षण विभागात पहिल्या वर्षी आपल्याकडे एका मोठ्या कंपनीच्या हिशेबाचा एक लहानसा भाग येतो: रोख आणि बँक शिल्लक, स्थिर मालमत्ता व तिचा घसारा, निवडक खर्चांची पडताळणी. काम एकसुरी वाटते, परंतु प्रत्येक निष्कर्षामागे पुरावा ठेवणे, तो तिसऱ्या माणसाला समजेल असा लिहिणे आणि वरिष्ठांनी काढलेल्या शंकांना मुद्देसूद उत्तर देणे ही शिस्त तिथे जितकी पक्की होते तितकी अन्यत्र क्वचितच होते. आंतरराष्ट्रीय लेखामानकांवर चालणारे समूह, परकीय चलन, निवृत्तिवेतनाची देणी, यांतले गुंतागुंतीचे प्रश्न तज्ज्ञांच्या शेजारी बसून पाहता येतात. परीक्षांसाठी रजा आणि शिकवणी ठरलेली असते. याची दुसरी बाजू अशी की, तीन वर्षे तिथे काढलेल्या माणसाने एका कंपनीचे संपूर्ण ताळेबंद स्वतः कधी तयार केलेले नसतात, आणि व्हॅटचे विवरणपत्रही भरलेले नसते.

छोट्या फर्ममध्ये याच्या उलट घडते. दंतवैद्य, बांधकाम ठेकेदार, दोन-तीन संचालकांच्या कंपन्या असे क्लायंट असतात, आणि एकाच क्लायंटचे सगळे काम एकाच माणसाकडे येते. बँकेच्या नोंदी जुळवण्यापासून तेरीज पत्रक (ट्रायल बॅलन्स), अंतिम हिशेब, कंपनीचे करविवरण, संचालकाचे वैयक्तिक विवरण, व्हॅट आणि पगारपत्रक या सगळ्या टप्प्यांतून आपण जातो, आणि एका ठिकाणी बदललेली नोंद करावर कुठे उमटते हे आपल्याला आपोआप दिसू लागते. मालकाशी थेट बोलावे लागते. हिशेबातली चूक त्याला दुखावेल अशी न सांगता स्पष्ट सांगणे, फोनवर तिथल्या बोलीचा इंग्रजी उच्चार समजून घेणे, या गोष्टी नव्याने आलेल्या माणसाने जितक्या लवकर शिकाव्यात तितक्या बऱ्या. जानेवारी मात्र कठीण जातो, कारण वैयक्तिक विवरणांची अंतिम तारीख ३१ जानेवारी असते. शिवाय एप्रिल २०२६ पासून व्यवसाय व घरभाड्याचे एकत्रित उत्पन्न ५०,००० पौंडांहून अधिक असणाऱ्यांना दर तिमाहीस डिजिटल तपशील पाठवणे बंधनकारक झाल्यामुळे या फर्मचे काम आता वर्षभर पसरते आहे.

छोट्या फर्मची निवड करताना लेखापरीक्षणाबद्दल नेमके विचारावे. ६ एप्रिल २०२५ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी लहान कंपनीची व्याख्या रुंदावली आहे: उलाढाल १.५ कोटी पौंड, ताळेबंदाची बेरीज ७५ लाख पौंड आणि ५० कर्मचारी, यांपैकी दोन मर्यादांच्या आत असलेल्या बहुतेक कंपन्यांना लेखापरीक्षणातून सूट घेता येते. परिणामी छोट्या फर्मकडचे हे काम आणखी घटणार आहे, आणि कित्येकांकडे लेखापरीक्षणाची नोंदणीच नाही. पुढे स्वतःच्या सहीने लेखापरीक्षण अहवाल द्यायचा असेल तर अशा ठिकाणी तो अनुभव मिळणार नाही. त्याचप्रमाणे एसीए करायचे असेल तर फर्म संबंधित संस्थेची मान्यताप्राप्त प्रशिक्षणदाती असावी लागते; एसीसीएचा अनुभव मात्र नोकऱ्या बदलत गेले तरी जोडला जातो, आणि आपल्या परिस्थितीत ही मोठीच सोय आहे.

आपल्याला आर्टिकलशिपचा (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीचा) किंवा कार्यालयीन कामाचा अनुभव नाही हे लक्षात घेता मी मधला मार्ग सुचवेन: काही भागीदारांची, परवाना असलेली, लेखापरीक्षण आणि कर ही दोन्ही कामे करणारी प्रादेशिक फर्म. तिथे पहिल्या दोन वर्षांत संपूर्ण हिशेब तयार करणे आणि मध्यम कंपन्यांचे परीक्षण, दोन्ही हाताखालून जाते. तिथून मोठ्या फर्ममध्ये जाण्याची वाट सामान्यतः खुली असते, विशेषतः पात्रता पूर्ण झाल्यावर. म्हणून मोठ्या फर्मसाठी अर्ज करू नये असे नाही, पण तो आल्या आल्या करावा. त्यांच्या पदवीधर भरतीचे अर्ज रुजू होण्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, शरद ऋतूच्या सुमारास सुरू होतात आणि जागा भरल्या की बंद होतात. पदवी हाती आल्यावर शोध सुरू करणाऱ्याला ही संधी पुढच्या वर्षीच मिळते, आणि १८ महिन्यांतले एक वर्ष असे घालवणे परवडणारे नाही. छोट्या व मध्यम फर्म वर्षभर माणसे घेतात.

मुलाखतीत शेवटी आपल्याला प्रश्न विचारायला सांगतात, तेव्हा मागच्या वर्षीचे प्रशिक्षणार्थी आज कोणते काम करतात आणि त्यांचे काम कोण तपासते, हे अवश्य विचारावे. नीट उत्तर देता न येणारी फर्म मोठी असो वा छोटी, तिथे शिकवणूक नशिबावर अवलंबून राहते. करारावर सही करण्यापूर्वी परीक्षाशुल्काच्या परतफेडीचे कलम वाचावे: मुदतीआधी नोकरी सोडल्यास शिकवणी आणि परीक्षांचा खर्च वसूल करण्याची अट अनेक फर्म घालतात. व्हिसाचे प्रायोजकत्व फर्मने नाकारल्यामुळे नोकरी सोडावी लागली तरी ही वसुली होणार का, याचे उत्तर ईमेलने लेखी मागून घ्यावे.