वाचक विचारतात: पाकाची तार आणि दोन दीर्घिका

प्रश्न: बाई, मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की दोन दीर्घिका (ताऱ्यांचे आणि वायूचे प्रचंड समूह, म्हणजे गॅलक्सी) एकमेकींत शिरल्या तरी तारे ताऱ्यांवर आपटत नाहीत. त्याच उत्तरात खाली ‘टक्कर झाली की नव्या ताऱ्यांची आतषबाजी होते’ असंही लिहिलंत. कोणी आपटतच नाही, तर आतषबाजी कशाची? आमच्या घरात यावरून पैज लागली आहे.
– एक वाचक, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

उत्तर: पैज कुणी कशावर लावली ते लिहिलं नाहीत, पण चूक माझी आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यांना जोडणारं तिसरं वाक्य मी खाल्लं. ते वाक्य असं: तारे आपटत नाहीत, वायू आपटतो.

आधी तारे. सूर्य काबुली हरभऱ्याएवढा, म्हणजे साधारण एक सेंटीमीटरचा धरा आणि तो बिंदू चौकात ठेवा. त्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्सिमा हा तारा या मापाने मोहरीएवढा होईल, आणि तो ठेवायला तुम्हाला जवळजवळ मुंबईला जावं लागेल. मधे काही नाही. अशा हरभऱ्यांची एक सेना दुसऱ्या सेनेतून आरपार गेली, तर कोण कुणाला धडकणार? दीर्घिकेच्या गाभ्यात गर्दी जास्त असते, तरीही एकमेकांवर आदळण्याइतकी नाही.

वायूचं गणित निराळं. ताऱ्यांच्या मधल्या जागेत सरासरी एका घन सेंटीमीटरला एखादाच अणू असतो, तोही बहुधा हायड्रोजनचा. आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच कोटी कोटी लाख रेणू असतात. म्हणून ऐकणारा म्हणतो, ‘मग तो वायू तर ताऱ्यांहून विरळ झाला की!’ वर्गातही दरवर्षी कुणीतरी हे म्हणायचंच. पण एक अणू सरळ निघाला, तर दुसऱ्या अणूला भिडेपर्यंत तो सूर्य-पृथ्वी अंतराच्या पन्नास-शंभर पट जातो. एवढं अंतर म्हणजे एका प्रकाशवर्षाचा साधारण हजारावा भाग, आणि दीर्घिकेची चकती शेकडो प्रकाशवर्षं जाड असते. तारा त्यातून सहज पार होतो. अणूला ते जमत नाही.

माझं माहेर प्रयाग चिखलीकडचं. घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतला पाक झाला की नाही हे बघायला गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, गोळी वळते का बघायचा, आणि आम्ही पोरं उरलेला चिकट पाक अंगठा आणि बोटात धरून तार काढत बसायचो. बोटं लांब होतात, पाक मधेच राहतो. आकाशात अगदी हीच गोष्ट झालेली आहे. महाश्व तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे १८ कोटी प्रकाशवर्षांवर, यूजीसी १२९१४ आणि १२९१५ या दोन दीर्घिका आहेत. काही कोटी वर्षांपूर्वी त्या चकतीवर चकती अशा समोरासमोर एकमेकींतून गेल्या. तारे आपापल्या दीर्घिकेबरोबर पुढे गेले. वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने वायूवर आदळला, तापला, आणि त्याचा मोठा भाग मधेच राहिला. चुंबकीय क्षेत्रही त्याच्याबरोबर ताणलं गेलं. १९९३ मध्ये रेडिओ दुर्बिणीने हा मधला पूल दिसला, तेव्हा शोधणाऱ्यांनी जोडीला ‘टॅफी’ नाव दिलं. टॅफी म्हणजे तिकडची ओढून ओढून केलेली साखरेची मिठाई. ते चिखलीचे असते, तर नाव वेगळं पडलं असतं.

आता तुमची आतषबाजी. गंमत अशी की टॅफीच्या पुलात वायू भरपूर आहे, पण नवे तारे अगदी थोडे. वायू फार घुसळला गेला आहे. रस काहिलीत उकळतोय तोवर ढेप होत नाही, वाफ्यात ओतून निवावा लागतो. तेव्हा ‘टक्कर म्हणजे आतषबाजी’ हे माझं मागचं विधानही सरसकट नव्हतं लिहायचं.

आतषबाजी होते ती बहुधा गाभ्यात. शेजारच्या दीर्घिकेच्या ओढीने चकतीतल्या ताऱ्यांची मांडणी लांबुळकी होते. वायू या लांबुळक्या मांडणीच्या किंचित पुढे राहतो, तारे त्याला मागे खेचतात, त्याचा गोल फिरण्याचा जोर कमी पडतो आणि तो केंद्राकडे घसरतो. थोड्या जागेत फार वायू जमला की तारे भराभर जन्मतात. सप्तर्षीजवळची एम ८२ ही दीर्घिका बघा. शेजारणीच्या, म्हणजे एम ८१ च्या ओढीने तिच्या गाभ्यात इतके तारे जन्मताहेत आणि फुटताहेत की तिथला वायू चकतीच्या वर-खाली फवाऱ्यासारखा बाहेर फेकला जातोय.

प्रश्न: हा वायू थंड आणि अदृश्य असतो म्हणतात. मग तो आहे हे कळतं कसं?
– अकरावीतला विद्यार्थी, कागल

उत्तर: तुझ्या हाताची वीत मोज. साधारण २१ सेंटीमीटर भरेल. हायड्रोजनचा थंड अणू याच लांबीची रेडिओ लहर सोडतो. असं होईल हे हॉलंडच्या व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये सांगितलं आणि १९५१ मध्ये ती लहर सापडली. एकटा अणू ही लहर सोडायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं लावतो! पण अणू इतके असंख्य की आपल्याला ती सतत ऐकू येते. लहर किंचित लांबली की वायू दूर जातोय, आखडली की जवळ येतोय. त्यामुळे वेगही समजतो.

वर सांगितलेल्या एम ८१ आणि एम ८२ फोटोत वेगवेगळ्या दिसतात. तिसरी शेजारीण एनजीसी ३०७७ हीसुद्धा अलगच. पण १९९४ मध्ये २१ सेंटीमीटरवर काढलेला नकाशा आला, आणि तिघी हायड्रोजनच्या लांब पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या दिसल्या. फोटोत तीन घरं, रेडिओत एकच वाडा. माझ्या मते या विषयात शाळेतल्या पोरांना एकच चित्र दाखवायचं असेल, तर हे दाखवावं.

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आपली रेडिओ दुर्बीण आहे. हीच लहर तीही ऐकते. मी मुलांना एसटीने घेऊन गेले होते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, तिथे प्रदर्शन भरतं. जाऊन ये.

प्रश्न: आठ इंची दुर्बीण घेतली आहे. अशी एखादी जोडी कोल्हापुरातून दिसेल का?
– राजारामपुरी

उत्तर: गच्चीवरून नाद सोडा. एप्रिलमध्ये अमावास्येच्या आसपास राधानगरीच्या बाजूला जा. रात्री नऊ-दहाला दक्षिणेकडे हस्ताचा चौकोन दिसेल. त्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून पश्चिमेला, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढ्या अंतरावर ‘अँटेना’ ही जोडी आहे. विल्यम हर्शेलने ती १७८५ मध्ये पाहिली. तुम्हाला एक वाकडा, पुसट डाग दिसेल. ज्यांच्यामुळे हे नाव पडलं, त्या लांब मिशा फोटोतच येतात, डोळ्याला दिसत नाहीत. बॅटरीला लाल कागद लावा, मोबाइल खिशात ठेवा, आणि डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी द्या.