सॅपोनिन वनस्पतीतून आलंय, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही

तुम्ही विचारलंय की हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळवायला ट्वीन ८० या कृत्रिम सर्फॅक्टंटऐवजी (सर्फॅक्टंट म्हणजे न विरघळणारा पदार्थ पाण्यात मिसळवणारं साबणासारखं द्रव्य) रिठ्यातलं फेसाळ सॅपोनिन वापरलं तर औषध जास्त सुरक्षित होईल का, आणि एम.फार्मच्या प्रोजेक्टला कोणतं नैसर्गिक सर्फॅक्टंट घ्यावं. पहिल्याचं उत्तर: नाही. रेणू झाडातून आला की रिअॅक्टरमधून, हे रक्तपेशीला कळत नाही.

याच मुद्द्यावर नोकरीत असताना माझं वरिष्ठांशी जोरदार वाजलं होतं. सॅपोनिनमध्ये कर्क्युमिन घातलं की गढूळपणा जाऊन स्वच्छ, पारदर्शक केशरी द्रावण तयार होतं. ते बघून सगळे खूश. वरिष्ठांना हेच इंजेक्शनसाठी पुढे न्यायचं होतं, कारण ‘पूर्णपणे नैसर्गिक’ असं म्हणता येणार होतं. मी म्हटलं, आधी हिमोलिसिस, म्हणजे लाल रक्तपेशी फुटतात का, ते बघू. त्यांना तो वेळेचा अपव्यय वाटत होता, तरी मी लावलंच. सेंट्रिफ्यूज केल्यावर कंट्रोलच्या (सॅपोनिन नसलेल्या) नळीत पेशी तळाला आणि वरचं पाणी नितळ. सॅपोनिनच्या नळीत तळ रिकामा आणि सगळं द्रव लालभडक. सॅपोनिन पेशीच्या पटलातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि पटलाला भोकं पडतात. कर्क्युमिनचा रंग मध्ये येतोय, असा आक्षेप निघाला. म्हणून नुसत्या सॅपोनिनचीही नळी लावली होती, आणि फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचं वाचन ५४० नॅनोमीटरला घेतलं होतं. कर्क्युमिन शोषतं ४२५ च्या आसपास. आक्षेप तिथेच संपला.

मग ‘प्रमाण कमी करा’ अशी सूचना आली. केलं. मायसेल, म्हणजे कर्क्युमिनला पोटात घेऊन पाण्यात ठेवणारे सॅपोनिनचे सूक्ष्म गोळे, मोडले आणि कर्क्युमिन तळाला बसलं. आमच्या नमुन्यात मायसेल टिकतील एवढं सॅपोनिन घेतलं की पेशी फुटत होत्या, आणि पेशी वाचतील एवढं पातळ केलं की औषध बाहेर पडत होतं. प्रौढ माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यात काही मिलिलिटर सोडल्यावर काय होणार, हा प्रश्न बाटलीतल्या पारदर्शकपणाकडे बघून सुटत नाही. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

पॅक्लिटॅक्सेलचं उदाहरण बघा. यू झाडातलं कर्करोगाचं औषध, पाण्यात विरघळत नाही, म्हणून क्रेमोफोर या सर्फॅक्टंटमध्ये दिलं गेलं. क्रेमोफोर बनतं एरंडेल तेलावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून. त्याच्या अॅलर्जीच्या भीतीने रुग्णाला आधी स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामाइन द्यावं लागतं. मुळाशी एरंडेल असून उपयोग झाला नाही.

आणि विद्राव्यता वाढली म्हणजे शोषण वाढलं, असं लिहू नका. कर्क्युमिन आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात झपाट्याने ग्लुकुरोनाइड (शरीराला सहज बाहेर टाकता येईल असं रूप) होऊन जातं. १९९८ च्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांत जैवउपलब्धता (रक्तात पोचणारं प्रमाण) २००० टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. पायपरिन सर्फॅक्टंट नाही. ते हा चयापचय अडवतं.

तोंडावाटे देणार असाल तर गोष्ट थोडी वेगळी आहे, हे मान्य. सॅपोनिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे रक्तपेशींचा धोका कमी. पण आतड्याचं अस्तरही पटलांचंच असतं. सगळी सॅपोनिन एका माळेचे मणी नाहीत, हेही खरं. क्विलाया झाडातलं क्यूएस-२१ हे सॅपोनिन नागीण (शिंगल्स) या आजाराच्या लशीत वापरतात, पण कोलेस्टेरॉल असलेल्या लायपोसोममध्ये (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत) बांधून, म्हणजे पेशी फोडण्याची ताकद आधीच काढून घेऊन. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिन या सॅपोनिनने जास्त मात्रेत रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

निवडायचंच असेल तर लेसिथिन घ्या. त्यातलं फॉस्फोलिपिड हे मेद आपल्या पटलांचाच घटक आहे, आणि सिलिबिनसारख्या वनस्पतींतल्या द्रव्यांवर त्याचं काम बरंच पुढे गेलंय. गाइड सॅपोनिनवरच अडून बसले तर पहिल्या आठवड्यातच हिमोलिसिस आणि पातळ केल्यानंतरचं मायसेलचं टिकणं, दोन्ही लावा. प्रत्येक तीव्रतेचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवा आणि तो तक्ता थिसिसच्या परिशिष्टात नाही, मुख्य निकालांत घाला.