अली की टायसन? आधी साल ठरव

मुहम्मद अली आणि माइक टायसन हे बॉक्सर एकमेकांशी लढले असते तर कोण जिंकलं असतं, असं विचारतोस; पण नुसती नावं समोरासमोर ठेवून अंदाज बांधू नकोस, मित्रा. कोणत्या सालचा अली? 1966 मध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा, की 1980 चा थकलेला? टायसन मात्र 1988 चाच घे, स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवा करणारा. मग हातांचा पल्ला बघ: अलीचा 78 इंच, टायसनचा 71. म्हणजे टायसनला आत घुसावंच लागणार, आणि डाव्या हुकने (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने) अली पडतो, हे कूपरने 1963 मध्ये, फ्रेझरने 1971 मध्ये दाखवलंय. सुरुवातीच्या फेऱ्या खरोखर धोक्याच्या. पण 1990 मध्ये टोकियोत डग्लसने लांब जॅबवर (हात लांबवून मारलेल्या सरळ ठोशांवर) टायसनला रोखून दहाव्या फेरीत नॉकआउट केलं. म्हणून माझं मत अलीला, नवव्या फेरीनंतर.