‘पेशी-आसंजन’ म्हणावं की सरळ ‘चिकटणं’?

प्रश्न असा आहे: मायलिनवरचा (चेतातंतूंभोवतीच्या थराथरांच्या आवरणावरचा) मजकूर मराठीत लिहिताना ‘सेल अ‍ॅढिजन’साठी, म्हणजे पेशींनी एकमेकींना किंवा भोवतालाला धरून राहण्यासाठी, ‘पेशी-आसंजन’ वापरावं की ‘संलग्नता’? ‘चिकटणं’ बाळबोध वाटतं का?

‘संलग्नता’ आधी बाद करू. संलग्न महाविद्यालय विद्यापीठाला चिकटलेलं नसतं. त्या शब्दाला कागदोपत्री नात्याचा वास आहे. ‘आसंजन’ मात्र नेमका आहे. त्यातला ‘सञ्ज्’ धातू म्हणजे चिकटणं; ‘संग’ आणि ‘आसक्ती’ही त्याच घरातले. व्याख्येत, शीर्षकात तो खुशाल वापरा. पंचाईत होते ती वाक्यात, कारण मायलिन तयार होताना घडणारं आसंजन एकाच जातीचं नसतं.

मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या चेतांमध्ये (नर्व्हमध्ये) मायलिन बनवते श्वान पेशी. बाहेरच्या अंगाने ती इंटिग्रिन प्रथिनांमार्फत भोवतालच्या लॅमिनिन या प्रथिनाला धरते. ही पकड नसेल तर अक्षतंतूंच्या (चेतापेशींच्या संदेश वाहणाऱ्या लांब तंतूंच्या) जुडग्यातून एकेक तंतू वेगळा काढणंच तिला नीट जमत नाही. आतल्या अंगाने ती अक्षतंतूला भिडते. इथे मी ‘बिलगते’ लिहीन, कारण या स्पर्शातून दोघांत संदेशांची देवाणघेवाणही चालते. नुसत्या ‘चिकटते’त ती येत नाही.

पुढे तिच्या पटलाचे (पेशीच्या पातळ आवरणाचे) अक्षतंतूभोवती विळखे पडत जातात आणि थर एकमेकांवर दाबून बसतात. इथलं मुख्य प्रथिन पी-झीरो. या चेतांच्या मायलिनमधलं निम्म्याहून अधिक प्रथिन तेच. एका थरावरचा पी-झीरो समोरच्या थरावरच्या पी-झीरोलाच धरतो. ते प्रथिन नसलेल्या उंदरांत विळखे पडतात, पण सैल राहतात. माणसांत त्याच्या जनुकातल्या बिघाडामुळे शार्को-मारी-टूथ या चेतांच्या आनुवंशिक आजाराचा एक प्रकार होतो. तेव्हा ‘थर एकमेकांना घट्ट चिकटतात’ हे उत्तम मराठी आहे, बाळबोध मुळीच नाही. (सस्तन प्राण्यांच्या मेंदूतल्या मायलिनला मात्र हे वाक्य पी-झीरोच्या नावाने लावू नका, तिथे ते प्रथिन नसतं.)

मायलिनच्या दोन खंडांमधल्या उघड्या जागेच्या कडेला आणखी निराळा प्रकार. अक्षतंतूवरचे कॉन्टॅक्टिन व कॅस्पर आणि मायलिनच्या बाजूचं न्यूरोफॅसिन ही प्रथिनं मिळून तिथे सांधा करतात. तो अक्षतंतूच्या पटलातल्या सोडियमच्या आणि पोटॅशियमच्या वाहिन्यांना (त्यांची ये-जा होते त्या वाटांना) एकमेकींत मिसळू देत नाही. इथे क्रियापद ‘सांधणं’.

‘आसंजन रेणू’ (अशी पकड घेणारे रेणू) ही जोडी मात्र तशीच ठेवा. ‘चिकट रेणू’ केलंत तर वाचकाला डिंकच आठवेल.