मुलाला नुकतंच लायसन्स मिळालंय. गणपतीला मित्रांसोबत रात्री निघून मुंबईहून गुहागरला गाडी नेतो म्हणतोय. पाठवू का?

रात्रीचं आणि मित्रांना घेऊन नको. गाडी त्याला जरूर चालवू द्या, पण शेजारी तुम्ही बसा आणि दिवसाउजेडी घाट येतील अशा बेताने निघा.

लर्निंग लायसन्सनंतर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. तिथे गाडी वळवता येते का, रिव्हर्स जमतो का, एवढं कळतं. वळणावर समोरून कुणी ओव्हरटेक करत अंगावर येईल, हा अंदाज रस्त्यावर गाडी चालवूनच येतो. त्यात मागून "अरे, काढ ना पुढे!" सुरू झालं की पोराचा पाय ॲक्सिलरेटरवर जातोच. बरोबरीची मुलं गाडीत असली की तरुण चालकांचे अपघात वाढतात, हे बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांतही दिसलंय.

आणि आपले घाट! भोस्ते, परशुराम उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच राहिलं तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. ज्या गिअरवर तो चढ चढलो असतो, त्याच गिअरवर उतरायचं. उतारावर न्यूट्रल कधीच नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, ओल्या डांबरावर त्याहून जास्त. गणपतीत पाऊस असतोच, कडेचा लाल चिखल रस्त्यावर येतो, रात्री गुरं मधोमध बसलेली असतात. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपले की काळी म्हैस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर महामार्ग स्वतः चालवला असता आणि चिपळूणहून गुहागरकडे वळल्यावर स्टिअरिंग त्याच्याकडे दिलं असतं. त्याआधी मुंबईत भर पावसात थोडा सराव करून घ्या. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, त्यात सूट नको.

धाकटा १६ वर्षांचा आहे असंही तुम्ही लिहिलंय. गावी पोचल्यावर "वाडीतच तर जायचंय" म्हणून त्याच्या हाती स्कूटर देऊ नका. १६ व्या वर्षी फक्त बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं, आणि हल्लीच्या पेट्रोल स्कूटर बहुतेक त्याच्या वरच्याच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.