पेन्शनच्या खात्याचं कार्ड म्युनिकला न्यावं का?

नाशिकरोडहून एका काकांचं पत्र आलं आहे. नोट प्रेसमधून निवृत्त, मुलगी-जावई म्युनिकला. काका-काकू ८० दिवसांसाठी तिकडे चालले आहेत, मधे साल्झबर्ग आणि प्राग. स्वतःच्या खर्चाला ३ लाख बाजूला काढलेत. बँकेतले साहेब म्हणतात, पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड आंतरराष्ट्रीय करून देतो, रोजची मर्यादा २ लाख. कॉलेज रोडवरचा एजंट म्हणतो, फॉरेक्स कार्ड घ्या, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड. मुलगी म्हणते, काहीच आणू नका, माझं कार्ड वापरा. पेन्शनच्या खात्यात १४ लाख आहेत आणि बरीचशी रक्कम ऑटो-स्वीपने एफडीत गेलेली आहे. काकांचा प्रश्न एका ओळीचा: कुठलं कार्ड घेऊ?

नमस्कार काका. कार्ड कुठलं यापेक्षा त्या कार्डामागे किती पैसे उभे आहेत, हे मी आधी बघतो. क्रेडिट कार्डावर कुणी हात मारला तर वाद बिलाचा असतो, पैसे अजून तुमच्याकडेच असतात. डेबिट कार्डात पैसे आधी जातात, भांडण मागून. तुमच्या खात्यात तर ऑटो-स्वीप आहे. म्हणजे बचत खात्यातले ४० हजार संपले की पुढच्या व्यवहाराला एफडी आपोआप मोडते, तुम्हाला न विचारता. आयुष्यभराची पुंजी अशी एका पिनच्या मागे ठेवून परदेशात फिरू नका. हे कार्ड घरीच ठेवा आणि ॲपमध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय वापर बंद आहे ना, ते तपासा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठीच चालू मिळतं, पण जुन्यांची खात्री करून घ्यावी.

त्याऐवजी दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडा. स्वीप नको, चेकबुक नसलं तरी चालेल. त्यात ७५ हजार ठेवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड घ्या. रुपे असेल तर ते आंतरराष्ट्रीय आहे का, ते विचारा. देशांतर्गत रुपे तिकडे चालतच नाही, आणि आंतरराष्ट्रीय रुपे डिस्कव्हर-डायनर्सच्या जाळ्यावर चालतं, ते जर्मनीतल्या प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही.

आता खर्चाचा हिशेब. बऱ्याच बँका डेबिट कार्डावर परकीय चलनातल्या व्यवहाराला ३.५ टक्के लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. २ लाखांच्या खर्चाला ८,२६० रुपये झाले. तेच २ लाख रुपये युरोच्या फॉरेक्स कार्डात भरले तर चलन बदलण्यावरचा जीएसटी २७० रुपये आणि वर एजंटने भावात ठेवलेला नफा. हा नफा पावतीवर वेगळा दिसत नाही, म्हणून एजंटला भाव विचारताना त्याच मिनिटाला मोबाइलवर युरोचा भाव काढून शेजारी ठेवा. फरक दीड टक्का असेल तर ३ हजार गेले, तरीही डेबिट कार्डापेक्षा जवळपास ५ हजार वाचतात. तीन टक्क्यांच्या वर सांगितला तर दुसरा एजंट गाठा.

म्हणून माझं मत असं: २ लाख रुपये युरोच्या फॉरेक्स कार्डात, ३०० युरो रोख, ७५ हजार त्या नव्या खात्यात अडीअडचणीला. प्रागचा खर्च मात्र डेबिट कार्डावर करा. तिथे कोरुना चालतो आणि सहसा फॉरेक्स कार्डात कोरुना भरता येत नाही. युरो कार्डाने कोरुनात पैसे दिले की चलनबदलाचा वेगळा आकार लागतो, मग स्वस्ताईचा मुद्दाच संपला. टीसीएसची, म्हणजे परदेशी खर्चावर आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराची काळजी नको, वर्षाला १० लाखांच्या आत तो लागत नाही. फक्त इथल्या टूर कंपनीकडून प्रागचं पॅकेज घेतलंत तर तिथे पहिल्या रुपयापासून कापला जातो. तो रिटर्नमध्ये परत मिळवता येतो.

काकूंचं कार्ड वेगळ्या खात्याचं असू द्या. एकाच जोडखात्याची दोन कार्डं घेतलीत आणि बँकेने खातं गोठवलं, तर दोन्ही एकाच दिवशी निकामी. एक कार्ड तुमच्या खिशात, दुसरं काकूंच्या पर्समध्ये, एकत्र कधीच नाही.

मशीनसमोरची एक गोष्ट इथेच नीट समजून घ्या. गेल्या वर्षी गंगापूर रोडचं एक जोडपं माझ्याकडे प्रागच्या एटीएमची चिठ्ठी घेऊन आलं. स्टेशनातल्या खासगी कंपनीच्या मशीनने विचारलं होतं, खात्यातून रुपयांत वजा करू का? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी होकाराचं बटण दाबलं. चिठ्ठीवरच्या भावाचा हिशेब मांडला तर बाजारभावापेक्षा दहा टक्के जास्त. फसवणूक नव्हे, स्क्रीनवर सगळं लिहिलेलं होतं, फक्त मागे माणसं उभी असताना कोण वाचतो! तर मशीनवर किंवा दुकानातल्या यंत्रावर रुपये दिसले की नकार द्या. तिथल्या चलनातच पैसे द्या, म्युनिकला युरो, प्रागला कोरुना. शक्यतो बँकेच्या इमारतीतलं मशीन वापरा. प्रत्येक वेळी पैसे काढायला आपली बँक बहुधा सव्वाशे-दीडशे रुपये अधिक जीएसटी घेते, तिथल्या मशीनचा आकार वेगळा. पन्नास-पन्नास युरो चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच २०० काढा. जर्मनीत रोख लागतेच. कोपऱ्यावरची बेकरी, आठवडी बाजार, स्टेशनवरचं स्वच्छतागृह, सगळीकडे कार्ड घेतीलच असं नाही.

निघायच्या आधी ॲपमध्ये एटीएमची मर्यादा दिवसाला २५ हजारांवर आणा आणि परदेशी ऑनलाइन वापर बंद ठेवा, कारण बाहेरच्या अनेक वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत. नवा पिन नाशिकमध्येच एकदा वापरून बघा. तुमचं भारतीय सिम रोमिंगवर चालू असू द्या, नाहीतर बँकेचा मेसेज पोचायचा कुठे? बँकेचा १८०० ने सुरू होणारा नंबर परदेशातून सहसा लागत नाही, म्हणून +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून काकूंकडेही द्या. आपली चूक नसताना व्यवहार झाला आणि तो आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर २०१७ च्या नियमानुसार नुकसान आपल्यावर येत नाही. पिन मात्र स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं आपल्याच माथी.

हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना ठेव म्हणून डेबिट कार्ड पुढे करू नका. ते पैसे खरोखर अडकतात आणि सुटायला आठवडे जातात. जावयांचं क्रेडिट कार्ड तेवढ्यापुरतं चालेल, त्यांच्या हाताने. मुलीचं कार्ड आणि पिन घेऊन तुम्ही फिरणं तिच्या बँकेच्या नियमांत बसत नाही, हे तिला सांगा. तिची भावना मला कळते, पण नातवासाठी आइस्क्रीम घ्यायला आजोबांच्या खिशात स्वतःचे युरो असावेत, असं मलाही मनापासून वाटतं.

कार्ड टपालाने घरी यायला वेळ लागतो. तेव्हा नवं खातं या आठवड्यातच उघडा, आणि फॉरेक्स कार्डाचे पैसे एजंटला चेकने किंवा खात्यातूनच द्या. रोख रुपयांत ५० हजारांच्या वरचं परकीय चलन घेता येत नाही.